लेव्हल रचणारे मूल नेमके काय शिकते

अमळनेर तालुक्यातील एका ताईंनी विचारले आहे की, आठवीत शिकणारा त्यांचा मुलगा सुटीत व्हिडिओ गेम खेळण्यापेक्षा त्या गेमच्या नव्या लेव्हल, म्हणजे नवे टप्पे, बनवण्यातच तासन्‌तास रमतो. त्यातून तो खरोखर प्रोग्रामिंग शिकतो का, त्याच्या कल्पकतेला काही वळण लागते का, आणि आता त्याला कोडिंगचा क्लास लावावा का. मी १८ वर्षे या कामात आहे. पहिली ९ वर्षे गेमच्या लेव्हल रचण्यात गेली आणि पुढची ९ धुळ्यात शाळकरी मुलांना ते शिकवण्यात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताई, होय, तो शिकतो आहे. मात्र किती शिकतो हे तो किती तास बसतो यावर ठरत नाही. रचलेली लेव्हल तो दुसऱ्या कोणाला खेळायला देतो का, आणि त्या माणसाचे अडखळणे पाहून ती पुन्हा बदलतो का, यावर ते ठरते. लेव्हल रचणे म्हणजे एक अंदाज बांधणे होय: येथे आलेला खेळणारा आधी काय पाहील, त्यावरून काय समजेल, कोठे घाबरेल आणि कोठे धाडस करील. हा अंदाज संगणकापुढे अचूक मांडावा लागतो आणि माणसाच्या स्वभावाला धरून बांधावा लागतो. पहिल्या गरजेतून प्रोग्रामिंग येते, दुसरीतून कल्पकता येते, आणि ही दोन कामे एकमेकांपासून सोडवून शिकवणे मला आजवर जमलेले नाही.

माझ्या वर्गात पहिले दोन दिवस संगणक बंद असतो. मुले गणिताची चौकटींची वही आणतात आणि २० रकाने व १५ ओळी आखतात. मोकळ्या जागेसाठी ०, भिंतीसाठी १, नाण्यासाठी २, काट्यांसाठी ३ आणि दरवाजासाठी ४, एवढीच खूण ठरलेली असते. मुलाच्या मनात ते चित्र असते. मी त्याला तेच चित्र ओळीने वाचून दाखवायला सांगतो. वाचता वाचता चित्राची आकड्यांची यादी होते, १५ ओळींच्या १५ याद्या होतात, आणि त्या सगळ्या मिळून आणखी एक मोठी यादी होते. प्रोग्रामर ज्याला द्विमितीय ॲरे म्हणतात तो हाच. एरवी हा विषय फळ्यावर शिकवायला दोन तास लागतात आणि तरीही तो हवेतच राहतो.

चुकाही येथूनच सुरू होतात, आणि त्या फार उपयोगी चुका असतात. मोजणी शून्यापासून असल्यामुळे तिसऱ्या ओळीचा क्रमांक २ असतो. गणिताच्या तासाला बिंदूचा एक्स आधी लिहितात, पण ॲरेमध्ये ओळ आधी येते, म्हणजे वाय आधी. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंगच्या साधनात पडद्याचा मध्य शून्य असतो आणि वर जाताना वाय वाढतो. गोदो या गेम बनवण्याच्या मोफत इंजिनमध्ये द्विमितीय गेमसाठी डावा वरचा कोपरा शून्य असतो आणि खाली जाताना वाय वाढतो. दरवाजा भलत्याच ठिकाणी उगवला की मूल स्वतः शोधायला लागते, कारण तो दरवाजा त्याचा असतो. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाचे उत्तर चुकले तर मुलाला गुण गेल्याचे वाईट वाटते. आपल्या लेव्हलचा दरवाजा हरवला तर त्याला दरवाजाचे वाईट वाटते.

यातून कळणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माहिती आणि नियम यांची फारकत. लेव्हल ही माहिती आहे. भिंतीतून जाता येत नाही हा नियम आहे. नियम एकदाच लिहायचा आणि माहिती हवी तितकी बदलायची. या व्यवसायाचा इतिहासही याच फारकतीने घडला आहे. १९८३मध्ये आलेल्या लोड रनर या गेमबरोबर १५० लेव्हल तर होत्याच, शिवाय खेळणाऱ्यांना स्वतःच्या लेव्हल रचता याव्यात म्हणून एडिटरही होता. १९९३मध्ये आयडी सॉफ्टवेअरने डूम आणला तेव्हा लेव्हल, चित्रे आणि आवाज मुख्य प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. त्यामुळे पुढच्याच वर्षी हौशी मंडळींनी स्वतःचे एडिटर लिहिले आणि लोक घरबसल्या नवे नकाशे बनवू लागले. बँकेचे सॉफ्टवेअर असो की एसटीच्या आरक्षणाचे, नियम एकीकडे आणि माहिती दुसरीकडे ही मांडणी सगळीकडे तीच आहे.

साधनाची मर्यादा कशी शिकवते याचे एक उदाहरण सांगतो. स्क्रॅचचा पडदा ४८० गुणिले ३६० एवढा असतो. २४ मापाच्या टाइल, म्हणजे चौकोनी तुकडे, घेतल्या तर आडव्या २० आणि उभ्या १५ बसतात, म्हणजे बरोबर ३००. एका मुलाने प्रत्येक टाइलसाठी एक क्लोन, म्हणजे मूळ चित्राची जिवंत प्रत, तयार केला. जमीन, आकाश, सगळे उभे राहिले. मग त्याने नाण्यांचेही क्लोन करायला घेतले आणि एकही नाणे दिसेना. चूक झाल्याचा कोणताही संदेश आला नाही. तीन दिवस तो नाण्यांचा कोड तपासत राहिला. कारण इतकेच होते की स्क्रॅच एका वेळी ३००पेक्षा जास्त क्लोन करू देत नाही आणि ही मर्यादा ओलांडली की नवा क्लोन मुकाट्याने नाकारतो. मी उत्तर सांगितले नाही. क्लोन मोजणारे एक व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवणारी नावाची जागा, ठेव एवढेच म्हणालो. आकडा ३००वर पोहोचल्याचे त्याने स्वतः पाहिले, आणि मग न हलणारी जमीन क्लोनने न करता पेनच्या शिक्क्याने उमटवायची हा मार्गही त्यानेच काढला. जे हलत नाही त्याचा भार वाहू नये, हे तो त्या दिवशी शिकला.

उडीचे गणित हा दुसरा मोठा टप्पा. समजा, उडी मारताना पात्राचा वर जाण्याचा वेग सेकंदाला ६०० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, आहे आणि गुरुत्वाकर्षण १५०० आहे, म्हणजे तो वेग दर सेकंदाला १५००ने घटतो. वेगाच्या वर्गाला गुरुत्वाच्या दुपटीने भागले की उडीची उंची १२० पिक्सेल येते. हवेतला वेळ ०.८ सेकंद येतो. पात्र आडवे २०० पिक्सेलच्या वेगाने धावत असेल तर त्या वेळात ते १६० पिक्सेल पुढे जाते. टाइल ३२ पिक्सेलची असेल तर याचा अर्थ असा की ३ टाइलची पायरी चढता येते, ४ टाइलची येत नाही. ४ टाइलचा खड्डा आरामात पार होतो आणि ५ टाइलचा अगदी काठावर. नववीच्या विज्ञानातील गतीची समीकरणे ती हीच, आणि माझ्याकडची सातवी-आठवीची मुले ती परीक्षेसाठी नव्हे तर खड्डा किती रुंद खणायचा हे ठरवण्यासाठी मागून घेतात.

येथे बहुतेक सगळे एक चूक करतात; मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी ती केली आणि चार आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. लेव्हल रचून झाल्यावर उडी जरा जड वाटते किंवा हलकी वाटते म्हणून गुरुत्व बदलायचे. १५००चे १८०० केले की उंची १०० पिक्सेलवर येते आणि अंतर १३३वर. ५ टाइलचा प्रत्येक खड्डा अशक्य होतो. म्हणून मापे आधी ठरवायची, ती एकाच जागी नावानिशी लिहायची, आणि त्यानंतरच पहिला खड्डा खणायचा. एका आकड्यावर किती गोष्टी उभ्या आहेत हे ज्याने एकदा भोगले आहे, त्याला व्हेरिएबलचे महत्त्व पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

आता ज्या गेमविषयी मला मनापासून लिहायचे आहे त्याकडे येतो. साक्रीकडच्या एका नववीतल्या मुलीने पाटकऱ्याचा गेम करायचे ठरवले. पांझरा नदीच्या काठी सिंचनाची फड पद्धत आहे: नदीवरच्या बंधाऱ्यातून कालव्याने आलेले पाणी शेतांच्या मोठ्या गटांना, म्हणजे फडांना, पाळीने मिळते, एका फडात एकच पीक असते, आणि पाणी फिरवण्याचे काम पाटकरी करतो. तिच्या आजोबांनी हे काम केलेले होते. गेममध्ये खेळणाऱ्याने दारे उघडायची आणि मिटायची, आणि ठरलेल्या पाळ्यांत शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवायचे. वहीवरचा नकाशा सुंदर होता. नियमही सोपा वाटत होता: ज्या चौकटीत पाणी आहे तिच्या शेजारच्या उघड्या चौकटीत पुढच्या पाळीला पाणी जाईल.

प्रोग्राम चालवला तेव्हा विचित्र प्रकार दिसला. उजवीकडे आणि खाली जाणारे पाणी एका क्षणात पाटाच्या टोकापर्यंत पोहोचे. डावीकडे आणि वर जाणारे मात्र पाळीला एकेक चौकट सरके. तिला वाटले की दिशांचा कोड चुकला आहे. चारही दिशा तिने पुन्हा लिहिल्या, प्रकार तोच. मग आम्ही वही काढली आणि संगणक जसा नकाशा वाचतो तसा, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीओळीने, बोट ठेवत वाचत गेलो. पहिल्या ओळीतल्या एका चौकटीत पाणी होते. तिने उजवीकडची चौकट ओली केली. बोट पुढे सरकले तर ती नुकतीच ओली झालेली चौकट समोर आली, तिने तिच्या पुढची ओली केली, आणि असेच टोकापर्यंत. वाचनाच्या दिशेने पाणी धावत होते, उलट दिशेने चालत होते. उपाय असा की दोन नकाशे ठेवायचे: जुन्या नकाशावरून वाचायचे, नव्यावर लिहायचे, आणि पाळी संपली की नवा तो जुना करायचा. अभियांत्रिकीची मुलेही हा बग पहिल्यांदा भेटला की गोंधळतात. तिने तो वहीवर बोटाने पकडला, आणि पुढे मी तिला हे पुन्हा कधी सांगितले नाही.

त्यानंतर तिने तो गेम आजोबांना खेळायला दिला. आजोबांनी माउस धरून एक दार उघडले, पाणी टोकाला पोहोचलेले पाहिले आणि म्हणाले, "सुक्का पाट पहिले सोता पानी पेस, मंग पुढे जाऊ देस." कोरडा पाट आधी स्वतः पाणी पितो आणि मगच पुढे जाऊ देतो. तिने चौकटीचे दोनऐवजी चार प्रकार केले: कोरडी, दमट, भिजलेली, वाहती. भिजल्याशिवाय पाणी पुढे जायचे नाही असा नियम घातला, आणि एका बदलाने तिचा गेम दुसराच झाला. आता आधी भिजलेला पाट वापरायचा की नवा उघडायचा हा प्रश्न खेळणाऱ्यापुढे आला. एक दार उगाच उघडले तर दोन पाळ्यांचे पाणी जमीनच पिऊन टाकू लागली. याला मी कल्पकता म्हणतो. तिने नवी चित्रे काढली नाहीत, नवे राक्षस आणले नाहीत. घरातल्या माणसाचे ज्ञान नियमात उतरवले आणि त्या नियमातून खेळणाऱ्यापुढे खरी निवड उभी केली. चौकटीच्या या अवस्थांना संगणकशास्त्रात स्टेट म्हणतात, हे तिला मागाहून कळले.

किल्ली आणि दरवाजाच्या लेव्हलमधून वेगळी विचारपद्धती येते. खेळणारा अशा जागी पोहोचतो का की जिथून पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही? जपानमध्ये १९८२मध्ये प्रसिद्ध झालेला सोकोबान हा गेम याच प्रश्नावर उभा आहे: पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, म्हणून ती एकदा कोपऱ्यात गेली की गेली. मी मुलांना प्रत्येक स्थितीसाठी एक ठिपका आणि प्रत्येक चालीसाठी एक बाण काढायला लावतो आणि शेवटापासून मागे चालत यायला सांगतो. ज्या ठिपक्यावर हे मागचे चालणे पोहोचत नाही, तेथे गेलेला खेळणारा अडकणार. आलेखाचा सिद्धांत असा कागदावर येतो. त्याचे नाव उशिरा सांगितले तरी बिघडत नाही.

रचनेच्या कलेविषयी लिहायचे तर सुपर मारिओ ब्रदर्स या १९८५च्या गेमची पहिली लेव्हल अजूनही माझ्या वर्गात दोन तास घेते. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूने लेव्हल आलेखाच्या कागदावर आखल्या होत्या. त्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही सूचना लिहिलेली नाही. समोरून गूम्बा नावाचा एक शत्रू चालत येतो, तेव्हा उडी मारावीच लागते. पुढे ठोकळ्यातून निघालेले मशरूम उजवीकडे जाऊन पाइपला धडकते आणि परत खेळणाऱ्याकडे येते. वर ठोकळे असल्यामुळे ते चुकवणे कठीण होते, म्हणून ते हिताचे आहे हे आपोआप कळते. शेवटाकडे दोन पायऱ्यांच्या जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन आहे, दुसऱ्या तशाच जोडीच्या मध्ये खड्डा आहे. आधी पडू द्यायचे पण मरू द्यायचे नाही, आणि मग तीच उडी खऱ्या धोक्यावरून मारायला लावायची. चांगली आई मुलाला विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला कोरडा भोपळा बांधते, त्याच जातीचे हे शहाणपण आहे. त्या गेमचे ढग आणि झुडपे हे एकच चित्र वेगवेगळ्या रंगांत वापरलेले आहे, कारण सगळा गेम ४० किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. टंचाईत रचना कशी सुचते हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

पुढे २०११च्या सुपर मारिओ थ्रीडी लँडचे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी आपली रीत सांगितली आहे, ती जपानी कथारचनेतल्या चार पायऱ्यांवर बेतलेली आहे: नवी गोष्ट सुरक्षित जागी ओळख करून द्यायची, ती थोडी कठीण करायची, मग तिला अनपेक्षित वळण द्यायचे, आणि शेवटी शिकलेले सगळे एकदा वापरायला लावायचे. मुलांना ही रीत द्या, पण तिचा साचा होऊ देऊ नका. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक पाहून आलेल्या एका मुलाने पहिली पायरीच वगळली. खेळणाऱ्याला थेट खंदकाशी उभे केले आणि आत जायची वाट त्यालाच शोधू दिली. ती लेव्हल चांगली होती, कारण परक्याला आत येऊ न देणे हेच किल्ल्याच्या रचनेचे काम असते.

कोड आणि भावना किती जवळ असतात याचा एक बारीक नमुना सांगतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सुमारे ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये ६ फ्रेम, उडी मान्य करायची अशी सवलत अनेक चांगल्या गेममध्ये दिलेली असते. खेळणाऱ्याला ती दिसत नाही. गेम आपले ऐकतो एवढेच त्याला जाणवते. हा कोड दोन-तीन ओळींचा आहे, पण तो लिहावा असे वाटण्यासाठी "मी तर वेळेवरच दाबले होते" ही कोणाची तरी तक्रार आधी मनावर घ्यावी लागते.

म्हणून मी सुरुवातीला लेव्हल दुसऱ्याला खेळायला देण्याची अट सांगितली. रचणारा हाच आपल्या लेव्हलचा सर्वांत तरबेज खेळाडू असतो, त्यामुळे त्याला ती नेहमी सोपी वाटते आणि तो ती कठीण करत जातो. २०१५च्या सुपर मारिओ मेकरमध्ये स्वतः लेव्हल पूर्ण करून दाखवल्याशिवाय ती इतरांसाठी इंटरनेटवर चढवता येत नसे. अशक्य लेव्हल त्यामुळे रोखल्या जात, क्लेशदायक लेव्हल मात्र रोखल्या जात नसत. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. माझ्या वर्गात नियम असा आहे की दुसरा खेळत असताना रचणाऱ्याने हात मागे बांधून गप्प बसायचे, आणि कोण कोठे किती वेळा मेला हे वहीत लिहायचे. "अरे, तिकडे नाही, इकडे" असे तोंडात आलेले शब्द गिळणे आठवीतल्या मुलाला फार जड जाते, आणि तेथेच तो सर्वाधिक शिकतो. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा खेळायला द्यायचे. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. बग शोधण्याची शिस्त हीच.

आता मर्यादा. तयार एडिटरमध्ये ठोकळे मांडत राहिल्याने प्रोग्रामिंग येत नाही. काही महिन्यांनी मूल फक्त सजावट करू लागते. महाल मोठे होतात, विचार तेवढाच राहतो. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये घर बांधणे आणि त्यातल्या रेडस्टोनचे, म्हणजे तारेसारखा संकेत वाहणाऱ्या पदार्थाचे, परिपथ जोडून दार आपोआप उघडणारे करणे यांत मोठा फरक आहे, कारण रेडस्टोनमध्ये 'आणि', 'किंवा', 'नाही' ही तर्कद्वारे हाताने जुळवावी लागतात. आपला मुलगा कोठे आहे हे ओळखायचे असेल तर त्याला विचारा: या लेव्हलमध्ये तू कोणता नियम केलास? "नियम गेमचेच आहेत, मी फक्त मांडले" असे उत्तर आले तर त्याने पुढच्या पायरीवर जाण्याची वेळ झाली आहे, स्क्रॅचमध्ये किंवा थोडा सराव झाल्यावर गोदोमध्ये. दोन्ही मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालतात; आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर अर्ध्या तासाने नव्या नावाने फाइल जतन करायची सवय लावा. यावर नोकरीची हमी मात्र कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. लेव्हल रचणाऱ्यांच्या जागा मोजक्या असतात, आणि मी ज्यांना शिकवले त्यांतले बहुतेक वेगळ्याच क्षेत्रांत गेले.

क्लासविषयी माझे मत असे आहे की आत्ता तो लावू नये. त्याला जे करायचे आहे ते एडिटरमध्ये होत नाही, म्हणून तो स्वतः चिडून विचारायला लागेल, तेव्हा लावावा. आणि तेव्हाही जेथे मुले स्वतःचा गेम पूर्ण करून घरी नेतात असा शोधावा, चाळीस मुलांकडून एकच कोड उतरवून घेणारा नको. तोवर त्याला एक चौकटींची वही आणून द्या. घरात त्याचे आजी-आजोबा असतील तर येत्या रविवारी त्यांना संगणकासमोर बसवा, त्यांच्या हाती माउस द्या, आणि मुलाला मागे खुर्ची टाकून वही-पेन घेऊन गप्प बसायला सांगा.